पहिली दर्जेदार द्विनेत्री दुर्बीण : वसई-विरार परिसरातील पक्षिनिरीक्षणाच्या संदर्भात निवडीचे निकष

गोषवारा : महाविद्यालयीन विभागांत पक्षिनिरीक्षणासाठी पहिली दुर्बीण घेताना वर्धनाचा आकडा आणि किंमत या दोनच बाबींकडे लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखात प्रकाशीय गुणवत्ता, चष्मा, दमट हवामान आणि खरेदीची कार्यपद्धती या अंगांनी निवडीचा विचार केला असून त्याचा संबंध क्षेत्रनोंदींच्या विश्वासार्हतेशी जोडला आहे.

बीजसंज्ञा : द्विनेत्री दुर्बीण, पक्षिनिरीक्षण, मिठागरे, पाणथळ, वसई-विरार.

प्रास्ताविक

द्विनेत्री दुर्बीण ही वस्तू आपल्याकडे प्रथम सैन्याधिकारी, दर्यावर्दी आणि शिकारी यांच्या गळ्यात दिसली. निसर्ग-अभ्यासाचा आणि शिकारीचा संबंधही त्या काळी निकटचा होता. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. तिच्या सभासदांत शिकारीचे शौकीन पुष्कळ होते. १९०८ च्या सुमारास लहानग्या सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून ते चकित झाले आणि ओळख पटवण्यासाठी याच सोसायटीच्या दारात गेले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. पक्षी ओळखायचा तर तो हातात असला पाहिजे, आणि हातात यायचा तर तो मेलेला असला पाहिजे, असा तो काळ होता.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी हे चित्र बदलले. अनुसूचित वन्यप्राण्यांची शिकार हा आज दंडनीय अपराध आहे; मानवी जीवितास धोका किंवा शास्त्रीय कारण अशा मोजक्या प्रसंगी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच अपवाद होतो. बंदूक गेली, दुर्बीण राहिली. मात्र दुर्बीण पारखण्याचे जे निकष शिकाऱ्यांनी घडवले, ते निरीक्षकालाही उपयोगी पडतात. पहाटेच्या व तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशात दिसले पाहिजे, तासन्‌तास गळ्यात असूनही भार होता कामा नये आणि पावसाने यंत्र निकामी होता कामा नये, या त्या तीन अपेक्षा होत. युरोपातील शिकारी संधिप्रकाशासाठी आजही ८×५६ सारख्या अवजड दुर्बिणी पसंत करतात. तेवढा भार निरीक्षकाने वाहण्याचे कारण नाही, परंतु त्यामागील तत्त्व त्याने समजून घेतले पाहिजे.

नोंद आणि उपकरण

वसई-विरारचा प्रदेश दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा यांच्या मध्ये वसलेला आहे. पश्चिमेस अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव हे किनारे. मधल्या पट्ट्यात निर्मळसारखी तळी, विहिरी व बागायत. नायगाव-जूचंद्रच्या बाजूस मिठागरे. आणि पूर्वेस २००३ साली घोषित झालेले सुमारे ८५ चौ. कि.मी.चे तुंगारेश्वर अभयारण्य. इतक्या थोड्या अंतरात इतके भिन्न अधिवास आढळणे ही अभ्यासकाच्या दृष्टीने पर्वणीच आहे. २००९ साली महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ साली पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि या काळात वस्तीचा विस्तार झपाट्याने झाला. त्यामुळे कोणत्या जागी कोणते पक्षी येतात याची नोंद ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही.

येथे एक कायदेशीर तपशील लक्षात घ्यावा लागतो. पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांतील व्याख्येतून मीठ-उत्पादनासाठी खास बांधलेल्या जागा वगळलेल्या आहेत. म्हणजे ज्या मिठागरांच्या उथळ पाण्यात हिवाळी पाहुणे मोठ्या संख्येने उतरतात, त्यांना या नियमांचे थेट कवच मिळत नाही. अशा जागेचे पर्यावरणीय मोल कोणापुढे मांडायचे झाल्यास वर्षानुवर्षे, एकाच पद्धतीने घेतलेल्या नोंदी हाच प्रमुख पुरावा उरतो. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना असो किंवा ई-बर्डवर भरलेली एखाद्या विद्यार्थ्याची यादी असो, तिचे वजन ओळखीच्या अचूकतेइतकेच असते.

ही अचूकता काचेवर कशी अवलंबून असते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे दोन चिमणीएवढे चिखलपक्षी आहेत. पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे हिरवट-पिवळे. पिसांच्या छटा, चालण्याची ढब आणि आवाज यांत फरक असला, तरी नवख्याला पायांचा रंग हीच सर्वांत हाती येणारी खूण. आता हलक्या प्रतीच्या दुर्बिणीतून, उन्हासमोर, ६० मीटरवरून पाहिले असता दोघांचेही पाय काळपटच दिसतात. विद्यार्थी प्रामाणिकपणे ‘टिलवा’ असे लिहितो. दहा वर्षे त्याच दुर्बिणीने गणना झाली, तर टेमिंकचा टिलवा त्या मिठागरावर कधी आलाच नाही असे कागदावर सिद्ध होते!

दोन आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८×४२ अथवा १०×५० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा विशालनाचा : ८० मीटरवरचा पक्षी आठपट विशालनाने १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढील भिंगाचा मिलिमीटरांतील व्यास. बाजारात भर असतो तो पहिल्यावर. ‘वीसपट’, ‘तीसपट’, ‘झूम’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या दुर्बिणी यामुळेच खपतात. वस्तुतः पहिल्या दुर्बिणीबाबत मोठे विशालन हा दोषच ठरतो. हाताचा कंपही तितकेच पट वाढतो. दहापटीच्या पुढे सामान्य माणसाला तिकाटण्याविना स्थिर प्रतिमा मिळत नाही, आणि किनाऱ्यावरचा वारा ही मर्यादा आणखी खाली आणतो. शिवाय नऊ-दहा वाजल्यानंतर मिठागरांवरील तापलेली हवा लहरू लागते. त्या वेळी वाढवलेल्या विशालनातून पक्ष्याऐवजी हवेच्या लहरीच मोठ्या दिसतात.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली की नेत्रिकेत हे तेजस्वी वर्तुळ प्रत्यक्ष पाहता येते. ८×४२ मध्ये ते ५.२५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२ मिमी आणि २०×५० मध्ये अवघे २.५ मिमी असते. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असल्याने हा फरक जाणवत नाही. दुकानातील झगझगीत दिव्यांखालीही जाणवत नाही. परंतु तुंगारेश्वरच्या दाट झाडीत सकाळी साडेसहाला बाहुली ५ मिमीपर्यंत उघडलेली असते. तेव्हा २०×५० मधून दिसणारी प्रतिमा ८×४२ च्या तुलनेत जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकी तेजस्वी असते. पानांआडचा नवरंग किंवा स्वर्गीय नर्तक अशा वेळी केवळ सावली बनून राहतो. तरुणपणी अंधारात ७ मिमीपर्यंत उघडणारी बाहुली वयपरत्वे कमी उघडू लागते, त्यामुळे पन्नाशीपुढील प्राध्यापकांना ७×५० सारख्या नाविकांच्या दुर्बिणीचा पुरता लाभ घेता येत नाही.

तिसरी बाब दृष्टिक्षेत्राची. ८ अंशांचे क्षेत्र म्हणजे १००० मीटरवर सुमारे १४० मीटर रुंदीचा पट्टा, तर साडेसहा अंशांचे म्हणजे सुमारे ११४ मीटर. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हा फरक दीडपट भरतो. फांद्यांमधून उडणारा भृंगराज नवख्याला सापडतो की नाही, हे बहुधा याच फरकावर ठरते. या सर्व कारणांनी वसई-विरारसारख्या मिश्र अधिवासात पहिल्या दुर्बिणीसाठी ८×४२ हेच माप सर्वाधिक योग्य ठरते. केवळ किनारा आणि मिठागरे एवढेच कार्यक्षेत्र असेल आणि हात स्थिर असेल, तर १०×४२ चा विचार करता येईल. ८×३२ ही वजनाने हलकी व प्रवासास सोयीची, पण तिचे वर्तुळ ४ मिमीचे. झूम दुर्बीण मात्र कोणत्याही सबबीवर घेऊ नये.

काच, लेप आणि लोलक

आकडे सारखे असूनही एक दुर्बीण दोन हजारांना आणि दुसरी तीस हजारांना का मिळते, असा प्रश्न विभागाच्या बैठकीत हमखास येतो. त्याचे उत्तर आकड्यांत नसून काचेत आहे.

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीच्या एका नळीत असे बारा पृष्ठभाग धरले, तर डोळ्यापर्यंत सुमारे ६१ टक्केच प्रकाश पोहोचतो. उरलेल्यापैकी काही नळीत भटकून प्रतिमेवर धुरकट पडदा आणतो. १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधी लेप विकसित केला. आजच्या बहुस्तरीय लेपांमुळे ही हानी प्रत्येक पृष्ठभागी अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली येते आणि त्याच बारा पृष्ठभागांतून सुमारे ९४ टक्के प्रकाश पार होतो. खोक्यावर ‘कोटेड’, ‘मल्टिकोटेड’ आणि ‘फुली मल्टिकोटेड’ असे शब्द असतात. पहिल्या दोहोंचा अर्थ ‘काही पृष्ठभागांवर’ एवढाच. तिसराच शब्द पाहावा. लालभडक चमकणाऱ्या भिंगांचा मोह तर टाळलेलाच बरा, कारण जो लाल प्रकाश बाहेर फेकला जातो तो प्रतिमेतून वजा होऊन पक्ष्याच्या पिसांवर हिरवट झाक आणतो.

उलटी प्रतिमा सुलटी करण्याचे काम लोलक करतात. इटालियन संशोधक इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि १८९४ पासून झाइसने लोलकयुक्त द्विनेत्री दुर्बिणी बाजारात आणल्या. खांद्याशी रुंद असणारी पारंपरिक दुर्बीण ती पोरो पद्धतीची. सरळ दोन नळ्यांची ती रूफ पद्धतीची. रूफ लोलकात प्रकाशाचे दोन भाग होऊन पुन्हा एकत्र येताना त्यांच्या कलांत फरक पडतो व बारकावे पुसट होतात. १९८८ मध्ये झाइसने कलासुधारक लेप आणून हा दोष दूर केला. खोक्यावर तो ‘फेज कोटेड’ या नावाने ओळखावा. असा लेप नसलेली रूफ दुर्बीण घेण्यापेक्षा त्याच किमतीची पोरो दुर्बीण प्रकाशीयदृष्ट्या निश्चितच सरस असते. पण तिच्या फोकसची रचना बहुधा अशी असते की चाक फिरवताना नेत्रिका बाहेर-आत सरकतात आणि त्यांबरोबर बाहेरची हवाही आत ओढली जाते. कोरड्या प्रदेशात ही क्षुल्लक बाब होय. कोकणात ती निर्णायक ठरते.

लोलकाच्या काचेचेही दोन प्रमुख प्रकार आहेत. बीके-७ चा अपवर्तनांक सुमारे १.५१७, तर बीएके-४ चा सुमारे १.५६९ असतो. कमी अपवर्तनांकामुळे कडेच्या किरणांचे पूर्ण आंतरिक परावर्तन होत नाही, म्हणून बीके-७ असलेल्या पोरो दुर्बिणीतील प्रकाशवर्तुळ चौकोनी कडांनी कापलेले दिसते. वर उल्लेखिलेल्या हातभर अंतराच्या चाचणीत हा दोष लगेच ध्यानी येतो. ‘ईडी’ ही अक्षरे अल्प अपस्करणाच्या काचेची निदर्शक आहेत. तिच्यामुळे वर्णविपथन घटते आणि पांढऱ्या बगळ्याच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार नाहीशी होते. टिलव्याच्या पायांचा प्रश्न जेथे येतो, तेथे हा खर्च सार्थ मानावा.

चष्मा

प्राध्यापक आणि विद्यार्थी या दोन्ही वर्गांत चष्मा लावणारे पुष्कळ असूनही हा मुद्दा खरेदीच्या वेळी हमखास विसरला जातो. नेत्रिकेपासून किती अंतरावर डोळा ठेवला असता संपूर्ण दृष्टिक्षेत्र दिसते, त्यास नेत्रांतर म्हणता येईल. चष्मा न काढता पाहायचे असल्यास ते किमान १६ मिमी असावे. कमी असल्यास किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखे दिसते व दृष्टिक्षेत्राचे सारे गणित वाया जाते. चष्मा असणाऱ्यांनी नेत्रिकेभोवतीची रबरी वाटी फिरवून खाली करावी, नसणाऱ्यांनी वर ठेवावी. एवढी साधी गोष्टही कोणी सांगितली नाही म्हणून ‘दुर्बिणीतून नीट दिसतच नाही’ असे म्हणत वर्षभर सहलींना जाणारे विद्यार्थी आढळतात.

दमट हवा, मीठ आणि कुलूपबंद कपाट

या किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओलसर असते. भिंगावर व लोलकावर जाळ्यासारखी पसरणारी बुरशी हा येथील दुर्बिणींचा खरा शत्रू होय. ती एकदा लेपात रुतली की सफाईनंतरही व्रण राहतात. म्हणून नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरलेली, पूर्णतः बंदिस्त दुर्बीणच घ्यावी. ‘पाण्यास प्रतिकार करणारी’ आणि ‘जलरोधक’ या दोन शब्दांत अंतर आहे. पहिली शिंतोड्यांपुरती, दुसरीच्या बाबतीत आयपीएक्स-७ सारखे मानक दिलेले असावे. या मानकानुसार उपकरण १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकले पाहिजे.

बंदिस्त दुर्बिणीच्याही बाहेरच्या काचांवर बुरशी धरू शकते. येथे महाविद्यालयांची एक जुनी सवय आड येते. मौल्यवान वस्तू म्हणून दुर्बीण तिच्या चामडी पेटीसह प्रयोगशाळेच्या लाकडी कपाटात कुलूपबंद केली जाते आणि जूनमध्ये ठेवलेली ती थेट डिसेंबरच्या सहलीला बाहेर निघते. बुरशीची याहून उत्तम जोपासना करणे अवघड. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक साधा आर्द्रतामापक एवढे पुरे. मापकाचा काटा ६० टक्क्यांच्या वर गेला की जेल तापवून पुन्हा वापरावे. चामडी पेटी वेगळी ठेवावी.

किनाऱ्यावरून परतल्यावर काचेवर खारे कण बसलेले असतात. सदऱ्याच्या टोकाने किंवा ओढणीने ते पुसणे म्हणजे लेपावर रेती घासणे होय. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ ब्रशने कण काढावेत आणि शेवटी भिंगाच्या कापडाने हलक्या हाताने पुसावे. खरोखर जलरोधक असलेली दुर्बीण गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरण्यासही हरकत नाही.

दुकानातील पारख

शक्यतो प्रत्यक्ष हाताळून दुर्बीण घ्यावी आणि ती दाराशी आणून पाहावी. रस्त्यावर उभ्या वाहनाखालच्या सावलीत रोखल्यास अंधुक प्रकाशातील क्षमता कळते. उजळ आकाशासमोरील विजेच्या तारेकडे पाहिल्यास रंगीत किनार किती आहे ते दिसते. तीच तार आडवी धरून दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्यावी. दोन्ही वर्तुळांतील तार एका रेषेत न राहिल्यास नळ्या समांतर नाहीत, आणि अशी दुर्बीण तासाभरात डोके दुखवते. भिंगात छताच्या ट्यूबचे प्रतिबिंब पाहावे : स्वच्छ पांढरे दिसले तर लेप नाही, मंद हिरवे अथवा जांभळे दिसले तर आहे. फुलपाखरांचाही अभ्यास करायचा असल्यास दोन-अडीच मीटरवर फोकस होतो की नाही, हे विक्रेत्यासमोरच आपल्या बुटाकडे पाहून तपासावे. वजन सातशे ग्रॅमच्या आत असल्यास उत्तम. सूर्याकडे कोणतीही दुर्बीण रोखू नये, ही सूचना विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी द्यावी.

विभागाची खरेदी

साधारणतः पंधरा ते चाळीस हजार रुपयांच्या टप्प्यात निकॉन, व्हॉर्टेक्स आदी कंपन्यांच्या या निकषांत बसणाऱ्या ८×४२ दुर्बिणी मिळतात. झाइस, लायका, स्वारोव्स्की यांच्या सर्वोच्च श्रेणीची किंमत त्याच्या अनेकपट असते आणि पहिल्या खरेदीसाठी ती विचारात घेण्याचे कारण नाही. खरी अडचण वेगळीच आहे. तीन दरपत्रके मागवायची आणि सर्वांत कमी दराचे स्वीकारायचे, हा नियम सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. मागणीपत्रात ‘द्विनेत्री दुर्बीण, उत्तम प्रतीची’ एवढेच लिहिले असल्यास सर्वांत कमी दराची वस्तू म्हणजे खेळणेच हाती येणार. नियम तोच ठेवून मार्ग निघतो : मागणीपत्रात ८×४२, फुली मल्टिकोटेड, फेज कोटेड, बीएके-४ लोलक, ईडी काच, नायट्रोजनभरित, आयपीएक्स-७, नेत्रांतर किमान १६ मिमी, दृष्टिक्षेत्र किमान ७.५ अंश असे तपशील स्पष्ट नमूद करावेत. मग स्पर्धा समान वस्तूंमध्ये होते.

तीस विद्यार्थ्यांसाठी तेवढ्याच पैशांत हलक्या प्रतीच्या दहा दुर्बिणी घ्याव्यात की चांगल्या एक-दोन, याविषयी मतभेद संभवतात. प्रत्येकाच्या हाती काहीतरी पडावे, ही शिक्षकाची इच्छा रास्त आहे. तथापि नळ्या समांतर नसलेल्या दहा दुर्बिणींतून तीस विद्यार्थ्यांना पक्षिनिरीक्षण म्हणजे डोकेदुखी हाच अनुभव मिळतो, आणि पुढील वर्षी जडसंग्रह नोंदवहीत त्यांतील निम्म्या ‘दुरुस्तीयोग्य’ या शेऱ्याखाली जातात. दोन चांगल्या दुर्बिणी आळीपाळीने वापरणारा गट अधिक पाहतो, असे या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे सर्वसाधारण मत आहे आणि ते मान्य करण्याजोगे आहे.

आळीपाळीच्या वापरात एक पथ्य पाळावे लागते. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांतील अंतर वेगळे असते, म्हणून आधी बिजागरी वाकवून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ करून घ्यावे. नंतर उजवे भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस साधावा, मग डावे झाकून उजव्या नेत्रिकेवरील डायॉप्टरचे कडे फिरवावे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या कड्याची खूण नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्यास हातबदलाला काही सेकंदच लागतात.

त्याच नोंदवहीत पक्ष्याचे नाव, संख्या, वेळ व स्थळ यांच्या जोडीला तीन रकाने वाढवावेत : दुर्बिणीचे माप, अंदाजे अंतर आणि सूर्याची दिशा. पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर सकाळी सूर्य निरीक्षकाच्या पाठीशी असतो, दुपारनंतर समोर. भरतीपूर्वीच्या तास-दोन तासांत पाणी चढू लागल्याने चिखलपक्षी किनाऱ्याजवळ सरकतात. भुईगावच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पाच वाजता, सूर्यासमोर, ९० मीटरवर दिसलेला ‘टिलवा’ आणि सकाळी आठ वाजता, पाठीशी सूर्य असताना, २५ मीटरवर दिसलेला टिलवा या दोन नोंदी पुढे कोणी तपासू लागल्यास, पहिलीपुढे प्रश्नचिन्ह टाकण्यास हे तीन रकाने पुरेसे होतात.